हौदाचं अस्तर

रामभाऊंचा हौद ठेवायचा की मोडायचा, याचा निकाल त्या रविवारी लागणार होता, आणि तो काय लागणार हे त्यांच्या थोरल्या मुलानं, जयदेवनं, आधीच ठरवून टाकलं होतं. त्यानं भंगारवाल्याशीही बोलून ठेवलं होतं. हे वहिनीच्या तोंडून निसटलं आणि अंजनाच्या कानावर पडलं, त्यामुळे सकाळपासून तिचं डोकं तापलेलं होतं. तव्यावरच्या दोन भाकऱ्या तिनं रागारागात करपवल्या.

घरामागच्या अंगणात हौद रिकामा उभा होता. जमिनीत खणलेला नव्हे, जमिनीवर उभा केलेला. छातीभर उंचीचा, जाड पन्हळी पत्र्याचा, अठरा फूट रुंदीचा गोल. आत पाणी धरायला निळं प्लास्टिक अंथरलेलं असे. अंबरनाथच्या कारखान्यातला गोरा साहेब त्याला लायनर म्हणायचा. रामभाऊंनी पहिल्याच दिवशी त्याचं अस्तर करून टाकलं, आणि घरात तेच नाव चाललं.

साहेब एकोणऐंशी साली मायदेशी परत निघाला तेव्हा बंगल्यातलं सामान कामगारांना वाटून गेला. कुणी कपाट मागितलं, कुणी टेबलफॅन. आमच्या रामभाऊंनी हौद मागितला! अख्खा कारखाना हसला. रामभाऊंना तेव्हा पोहताही येत नव्हतं. जन्मगावच्या तळ्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता, कुणी लावू दिला नव्हता. पंचेचाळिसाव्या वर्षी ते या हौदात पाय मारायला शिकले, आणि मग शिरगावातल्या पोराटोरांना शिकवत सुटले. नियम एकच: पाय धुवा आणि उतरा, इथे आडनाव कुणी विचारायचं नाही. दर वैशाखी पौर्णिमेला पोहण्याचा वर्ग सुरू व्हायचा. रामभाऊ गेले त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून वर्ग अंजना घेत होती. यंदा होळीच्या सुमारास अस्तर तळाशी फाटलं, ठिगळांनाही दाद देईना, तेव्हा धाकट्या बबननं ते ओढून काढलं आणि गच्चीवर टाकून दिलं.

जेवणं उरकल्यावर जयदेव खुर्चीत बसला, बाकीचे सतरंजीवर. प्लास्टिकच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यापासून तो घरातसुद्धा मीटिंग घ्यायचा.

"हे बघा, मी काही हौदाचा दुश्मन नाही," त्यानं सुरुवात केली. "मुंबईच्या कंपनीला पत्र टाकलं होतं. त्यांचं उत्तर आलंय. लायनर परदेशातून मागवावं लागतं, सहा महिने लागतील, आणि एवढा जुना साइज मिळेलच याची गॅरंटी नाही. दोन खोल्यांत आपण सहा माणसं. सोनू पुढल्या वर्षी शाळेत जाईल. तिथं एक खोली निघाली तर बिघडलं कुठं?"

"बरोबर आहे त्यांचं," वृंदा म्हणाली आणि पदराशी चाळा करू लागली.

अंजनानं तिच्याकडे रोखून पाहिलं. ही वृंदा! पलीकडच्या आळीतली, जोश्यांची. पंधराव्या वर्षी घरच्यांची नजर चुकवून याच हौदात पोहायला शिकली, आणि जयदेव कपडे वाळत घालायच्या निमित्तानं तासन् तास गच्चीवर का रेंगाळतो, हे सगळ्यांच्या आधी अंजनाला कळलं होतं. हौद नसता तर हे लग्नच झालं नसतं. चारचौघांत अंजना तिला वहिनी म्हणायची, एकटी असली की वृंदे.

"बबन, तुझं काय?" जयदेवनं विचारलं.

"माझं काय? मी रिक्षातच राहतो दिवसभर," बबन म्हणाला. "दोघं मिळून ठरवा आणि मला सांगा."

"मी करते अस्तर," अंजना म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"करते म्हणजे? शिवणार?" जयदेव हसला. "अंजे, जीन्स नाही ती. सुईच्या एकेका भोकातून धार लागेल."

"सुई कशाला लावीन? रेनकोटाला सुई लावतात का? उल्हासनगरला कॅम्पात मशीनवर तापवून चिकटवतात. शीट कॅम्पातून घेऊ, मी कापते, रेनकोटवाला जेठानंद चिकटवून देईल. सहा महिने नाही, सहा दिवस."

"कॅम्पातलं काम," जयदेव पुटपुटला.

तेवढे दोन शब्द तिला झोंबले. सोनिवलीचं सासर सोडून ती परत आली त्याला चार वर्षं झाली होती. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे तोडण्यापासून सुरुवात करून ती कटिंगच्या टेबलापर्यंत पोचली होती. एकावर एक पन्नास थर कापड अंथरून, वर खडूनं आखून, मशीननं एका दमात कापायचं, हे काम तिथं बाकी सगळे पुरुष करत. तिथले कारागीर तिला मास्टर म्हणत. घरात मात्र त्या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं. कुणी विचारलं तर जयदेव सांगायचा, बहीण खासगी कंपनीत आहे.

त्यांची आई जनाबाई इतका वेळ तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. "पुनवेला तीन आठवडे आहेत. पुनवेच्या दिवशी हौदात पाणी दिसलं तर हौद राहील. नाही दिसलं तर जयदेव, तू तुझी खोली बांध. मी मधे एक शब्द बोलायची नाही. अंजे, तूही नाही बोलायचं."

"नाही बोलणार," अंजना म्हणाली. तिनं मान ताठच ठेवली.

*

कॅम्प तीनमध्ये नमुन्यावरून माल करण्याची एक ठरलेली रीत होती. बाहेरची भारी पँट आली की तिचं माप घेत बसायचं नाही. ती ब्लेडनं उसवायची, तुकडे सुटे करायचे, टेबलावर पसरायचे आणि त्यांवरून कापायचं. खिसा कुठं वाकतो, कंबर कुठं चढते, सगळं त्यात लिहिलेलंच असतं. अंजनानं तेच केलं. बबनच्या रिक्षातून जुनं अस्तर कारखान्यात नेलं, मालकाकडून रविवारपुरतं कटिंगचं टेबल मागून घेतलं, आणि सांधे उसवून तळाचा गोल वेगळा, भिंतीचा पट्टा वेगळा केला.

निळं प्लास्टिक जेठानंदच्याच दुकानात मिळालं. जेठानंद रेनकोट आणि वह्यांची कव्हरं करायचा. साठीचा माणूस, कानामागे पेन खोचलेलं. शीटचा कोपरा त्यानं दोन्ही हातांत धरून ताणला, नाकाशी नेला, मग तिच्यापुढे केला.

"सूंघो अदी," तो म्हणाला. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात, आणि तो गिऱ्हाईक बायांना सरसकट अदीच म्हणायचा. "कच्चा माल होगा तो रॉकेलसारखा वास येईल. ये पक्का है. पण मला एक सांगा, करताय काय एवढ्या मालाचं? मंडप?"

"हौदाचं अस्तर. पोहायच्या."

"पोहायच्या?" त्यानं कानामागचं पेन काढलं. "चाळीस साल से कॅम्प में हूँ. सगळी दुनिया की कॉपी करून झाली. ये नहीं किया."

"मग करा ना आता."

"सांधा लीक झाला तर जेठानंदचं नाव नाही सांगायचं."

"आणि नाही झाला तर?"

"तर सगळ्यांना सांगायचं," जेठानंद म्हणाला, आणि मशीन चालू केलं.

चार दिवस कामावरून सुटल्यावर ती त्याच्याकडे जाऊन उभी राहिली. प्रत्येक सांधा तिनं स्वतः धरला, सरळ सरकवला, थंड झाल्यावर ओढून पाहिला. कुठंही सुटला नाही. तिला फार बरं वाटलं. आपल्याला येतं, हे तिला माहीत होतंच. आता घराला कळणार होतं.

*

अस्तर बसवायला सगळं घर अंगणात जमलं. पलीकडच्या आळीतूनही बायका येऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या. बबननं तळाची वाळू सारखी केली, पत्र्याच्या कडा पुसल्या. अंजना आणि बबननं निळी घडी आत उलगडली, तळाचा गोल मधोमध घेतला आणि भिंतीवर चढवायला सुरुवात केली.

समोरासमोरच्या दोन बाजू लागल्या. तिसरी ओढली तर पहिली सुटली. बबननं जोर लावला.

"ओढू नकोस!" अंजना ओरडली. "फाटेल."

तिनं सगळं खाली सोडलं आणि टेप काढला. तळाचा गोल सगळीकडून तीन-तीन बोटं कमी. भिंतीचा पट्टा घेरात चांगला हातभर कमी. तिनं पुन्हा मोजलं. तेच आलं. तिनं कापलं तेव्हा जुन्यावर नवं तंतोतंत बसलं होतं, एक दोरा इकडे नाही की तिकडे.

"झालं समाधान?" जयदेव म्हणाला. तो पायरीवर उभा होता. आवाज चढलेला नव्हता, पण कुंपणापर्यंत गेला.

अंजना हौदाच्या तळाशी वाळूत बसली. जुनं अस्तर आणि हा हौद बारा वर्षं एकमेकांना बरोबर बसत होते. हौद वाढलेला नव्हता. म्हणजे अस्तर कमी झालं होतं. दीड महिना गच्चीवर, उन्हात. आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली. कारखान्यात नव्या पोरीला ती पहिल्या दिवशी हेच शिकवायची: नमुना धुतलेला आहे का विचार, धुतलेली पँट आटलेली असते, तिच्यावर डोळे मिटून कापू नको. कापडाबाबत ती कधी चुकली नसती. प्लास्टिक आटतं, हे तिच्या मनातच आलं नाही.

"चूक माझी आहे," ती उभी राहून म्हणाली, कुंपणाला ऐकू जाईल एवढ्यानं. "नमुना आटलेला होता. मी हौदाचं माप घ्यायला पाहिजे होतं, अस्तराचं नाही. प्लास्टिक उन्हात आटतं हे मला ठाऊक नव्हतं."

"आटतंच," जयदेव म्हणाला. "तेल असतं त्यात, ते उडून जातं. कडकही होतं."

तो सवयीनं बोलून गेला. कुणी काही विचारलं की समजावून सांगायचं, ही त्याची कारखान्यातली सवय. बोलून झाल्यावरच आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

वृंदा त्याच्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे... आमच्याकडे रोजचंच आहे ते."

"ती ते जुनं रिक्षात घालून नेत होती तेव्हा तुम्ही दारातच होतात. चहा पीत होतात."

"मला कुणी विचारलं नाही."

"पंधरा वर्षांची होते मी," वृंदा म्हणाली. "पहिल्या दिवशी या हौदाच्या काठावर उभी राहून थरथरत होते. तेव्हा तुमच्या बाबांनी काय म्हटलं, आठवतं? ज्याला खोली माहीत आहे त्यानं ती सांगायची, ज्याला माहीत नाही त्यानं विचारायची. मला खोली पाहिजे. अजूनही पाहिजे. पण अशी नको."

कुंपणाकडच्या बायका हळूहळू आपापल्या कामाला निघाल्या. जनाबाईनं मुलाकडे पाहिलं आणि ती घरात निघून गेली. 

अंजना हौदातून बाहेर आली. भावाला चार शब्द सुनवायचे तिच्या जिभेवर होते, चांगले तिखट. पण तो मान खाली घालून उभा होता, आणि तसं तिनं त्याला बाबांच्या अंत्ययात्रेनंतर पाहिलं नव्हतं.

"दादा, विचारायला हवं होतं मी. तुझ्या कामातलंच होतं ते, आणि मी हट्टापायी विचारलं नाही," ती म्हणाली. "पण तू सांगायला पाहिजे होतंस. ही तुझी चूक. आता पुनवेला आठ दिवस आहेत. हे वाढवता येईल का नाही, तेवढं सांग. खरं सांग."

 जयदेवनं चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हौदात उतरला.

"टेप दे," तो म्हणाला. "बबन, तू भिंतीला घट्ट धर. आतल्या बाजूनं. पन्हळीच्या उंचवट्यावरून घ्यायचं, खोलगटातून नाही."

*

हिशेब जयदेवनं मांडला आणि तोड अंजनानं काढली. अंगाला तंग झालेलं झबलं टाकून द्यायचं नसतं, दोन्हीकडून कळ्या घालायच्या असतात. भिंतीच्या पट्ट्यात चार ठिकाणी उभ्या कळ्या, आणि तळाभोवती चार बोटांची गोल पट्टी.

"कळी किती रुंद?" तिनं विचारलं.

"माप भरून पाच इंच येतंय. पावणेपाच घे."

"का? आधीच कमी पडलंय."

"पाण्याचा भार येईल. नवं प्लास्टिक ताणतं. भरून घेतलंस तर चुण्या पडतील, आणि चुणीत चीर जाते." तो थांबला. "आमच्याकडे टाक्यांना असंच करतात. हे मी आधी..."

"आता सांगितलंस ना," अंजना म्हणाली.

जेठानंदकडचा निळा माल मात्र संपला होता. नवा यायला पंधरा दिवस. त्याच जाडीचं होतं ते शाळेच्या मुलांच्या रेनकोटाचं पिवळंजर्द.

"अदी, निळ्यावर पिवळा?" जेठानंदनं तोंड वाकडं केलं. "लोग हसेंगे."

"हसू द्या. गळू देऊ नका."

त्या खेपेला जयदेव स्वतः तिच्याबरोबर आला होता. शेअर रिक्षात दाटीवाटीनं बसून, मांडीवर अस्तराची घडी घेऊन. कॅम्प तीनच्या त्या गल्लीत तो पहिल्यांदाच पाऊल टाकत होता. कारखान्याच्या दारावरून जाताना आतून कुणीतरी हाक मारली, "मास्टर! आज सुट्टी?" जयदेवनं मागे वळून पाहिलं, त्यांचा मास्टर कोण ते बघायला. अंजनानं हात हलवला. 

"किती जण आहेत तुझ्या हाताखाली?" त्यानं विचारलं.

"अकरा."

"माझ्या हाताखाली नऊ," जयदेव म्हणाला. मग दोघंही हसले, रस्त्यातच, लोक वळून बघेपर्यंत.

*

या खेपेला अस्तर चढलं. शेवटची कड पत्र्यावर खट् करून बसली. विहिरीवरचा पंप सकाळी लावला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालू होता. पाणी चढू लागलं तसं जयदेव अनवाणी आत फिरत राहिला, पायानं तळाच्या चुण्या कडेकडे सारत. पाणी मांडीला लागल्यावरच तो बाहेर आला. संध्याकाळी त्यानं पाण्याच्या रेषेवर खडूनं खूण केली. सकाळी अंजना उठून अंगणात गेली तर तो आधीच तिथं होता, वाकून खूण बघत.

"किती उतरलं?" तिनं विचारलं. 

"वाऱ्यानं उडालं तेवढं. दोन दोऱ्यांएवढं." तो सरळ उभा राहिला. "सांधा कोरडा आहे. बाहेरून सगळा हात फिरवून बघितला मी. दोनदा."

पौर्णिमेला सकाळी बुद्धवंदना झाली, खिरीच्या वाट्या फिरल्या आणि अंगण पोरांनी भरून गेलं. सोनूपासून पलीकडच्या आळीतल्या जोश्यांच्या नातवापर्यंत सगळे पाय धुऊन रांगेत उभे. निळ्या पाण्यात चार पिवळे पट्टे आणि तळाची पिवळी किनार लखलखत होती. जयदेवच्या कारखान्यातले श्यामकांत साहेब मुलीला घेऊन आले होते. ते हौदाभोवती फिरले, कडेला बोट लावून पाहिलं.

"जयदेव, लायनर कुठून मागवलंत? मुंबईच्या कंपनीचं दिसत नाही."

"कंपनीचं नाहीच, साहेब," जयदेव म्हणाला. त्यानं आवाज जरासुद्धा खाली आणला नाही. "माझ्या बहिणीनं केलंय. कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे ती. अकरा माणसं तिच्या हाताखाली काम करतात."

अंजनाला कुठं बघावं कळेना. अभिमानानं छाती भरून येते म्हणतात ती अशी, आणि डोळेही त्याच वेळी भरून येतात, हे तिला नवीन होतं. ती पोरांना रांगेत उभं करायला वळली, तर पुढ्यात जनाबाई उभी. नऊवारीचा कासोटा घट्ट खोचलेला.

"हात दे," जनाबाई म्हणाली.

"आई? आत येतेस?"

"मग काय वरून बघत राहू?"

"पण तू तर कधी... बाबा किती बोलवायचे! तुला भीती वाटते ना पाण्याची?"

"भीती कसली!" जनाबाई लोखंडी शिडीपाशी थांबली. "छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. आजपासून कुणाचं उरलेलं खायचं नाही, कुणाचं वापरून टाकलेलं अंगाला लावायचं नाही. आणि हे घेऊन आले साहेबाचा हौद. पत्रा असू दे, पत्र्याला मी पाठ टेकणार नव्हते. पण त्या अस्तरात साहेबाच्या बायकापोरांनी आंघोळ केलेली. तुम्हा पोरांना नाही अडवलं. तुमच्या बाबांनाही कधी बोलले नाही, त्यांना वाईट वाटलं असतं. मी म्हणायचे आपली, भीती वाटते म्हणून."

जयदेव जवळ आला होता. त्यानं ऐकलं. तो पुढे झाला आणि त्यानं आईचा दुसरा हात धरला.

ती शिडी चढली आणि आतल्या बाजूनं एकेक पायरी उतरली. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, मग नऊवारी फुगून वर आली आणि पोरं खिदळली. जनाबाईनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं तळावर पाय टेकला, दुसरा टेकला. पाणी छातीपर्यंत आलं. तळव्याखालचं नवं प्लास्टिक तिनं अंगठ्यानं दोन-तीनदा चाचपून पाहिलं.

"सोडा आता," ती म्हणाली.

"घसरशील आई," जयदेव म्हणाला.

"सोड रे. माझ्या लेकीनं केलेलं आहे."

दोघांनी हात सोडले.